बोलकी पुस्तके : वाचणारा आणि ऐकणारा

दृष्टी गेलेल्या मनुष्याने ‘हे पुस्तक मी वाचले आहे’ असे म्हणावे काय? प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल; पण माझ्यापुरता तो फार जुना आहे. बडोद्यास दांडिया बाजारात आमचे मोठे एकत्र कुटुंब राहत असे. माझ्या आत्याबाईंची दृष्टी काचबिंदूने गेलेली होती. चातुर्मासात दुपारी श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’, आणि एरवी ग्रंथालयातून आणलेल्या कादंबऱ्या त्यांना वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे असे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. एके दिवशी अभिमन्यूच्या वधाचा प्रसंग आला. नाटकात पाहिले होते तसा आवाज कापरा करून मी वाचू लागलो. आत्याबाईंनी हात वर करून मला थांबविले आणि म्हणाल्या, ‘‘बाळ, तू नुसते वाच. रडायचे ते मी रडेन.’’

पुस्तक संपले म्हणजे त्या शेजारच्या काकूंना सांगत, ‘‘मी वाचले हो ते.’’ वाचले मी होते. परंतु त्यांच्या त्या वाक्यात काही चुकीचे आहे असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

हे आठवण्याचे कारण असे की, ऐकण्याची पुस्तके आता मराठीत मुबलक झाली आहेत. ‘स्टोरीटेल’ या स्वीडनच्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतात काम सुरू केले, तेव्हा इंग्रजी-हिंदीच्या जोडीला मराठीलाही आरंभापासूनच स्थान मिळाले. माझ्या डोळ्यांवर आता मोतीबिंदूची छाया आहे. त्यामुळे संध्याकाळचे तासभर वाचन मी कानांनीच करतो. माझ्या मित्रमंडळींत या वाचनाविषयी दोन तट आहेत. एकाचे म्हणणे, वाचणाऱ्याने प्रत्येक पात्राचा आवाज काढावा, प्रसंगाला साजेसे संगीत असावे, नाहीतर झोप येते. दुसरा तट आत्याबाईंचा. त्यात बहुधा मी एकटाच. हा केवळ रुचीचा भेद आहे अशी माझी समजूत होती. पण बोलक्या पुस्तकांचा इतिहास चाळू लागलो तेव्हा दिसून आले की, हा वाद नव्वद वर्षांचा आहे आणि तो प्रथम ज्यांनी घातला ते श्रोते अंध होते.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. या यंत्राची आठवण आज आपण गाण्यांच्या संबंधात काढतो. त्याच्या स्वतःच्या मनात मात्र गाणे पुष्कळ खाली होते. १८७८ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याने या यंत्राच्या उपयोगांची यादी दिली. तीत पत्रे सांगून लिहविणे होते, वक्तृत्वाचे शिक्षण होते, कुटुंबातील माणसांचे आवाज जपून ठेवणे होते, आणि अंधांसाठी बोलणारी पुस्तकेही होती. दहा इंच चौरस धातूच्या एका पत्र्यावर चाळीस हजार शब्दांचे पुस्तक मावणे शक्य होईल, असा त्याचा अंदाज होता. अंदाज धाडसी होता. प्रत्यक्षात मेणाच्या नळकांड्यावर दोन मिनिटांचा आणि पुढे साध्या तबकडीवर तीन-चार मिनिटांचा मजकूर राही. एवढ्यात एक पद मावते. कादंबरी मावत नाही. म्हणून पहिली पन्नास वर्षे या यंत्राने गाणी म्हटली. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित झाले तेही याच मापात, आणि आपल्या गवयांना तासाभराचा राग तीन मिनिटांत बसविण्याची कसरत करावी लागली. पुस्तकाला अशी कसरत करता येत नाही.

दरम्यान अंधांजवळ ब्रेल लिपी होती. लुई ब्रेलने ती १८२९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिचे उपकार कोणत्याही यंत्राहून मोठे आहेत. परंतु ब्रेल लहानपणी शिकलेल्या बोटांना लवकर साध्य होते. पहिल्या महायुद्धाने हजारो तरुणांची दृष्टी नेली. विहिणीवरून बंदुकीवर गेलेले ते हात राठ झालेले होते. त्यांखेरीज उतारवयात दृष्टी गमावणाऱ्यांचा मोठा वर्ग होताच. अशांना त्या बारीक उंचवट्यांचे अक्षर लागेना. म्हणजे अंध झालेल्यांतील पुष्कळसे लोक दुसऱ्यांदा निरक्षर झाले होते. बोलक्या पुस्तकाची निकड खरी तेथून उत्पन्न झाली.

अमेरिकेत १९३१ साली प्रौढ अंधांना पुस्तके पुरविण्यासाठी दरसाल एक लाख डॉलर खर्च करण्याचा कायदा संमत झाला. तो प्रथम ब्रेल पुस्तकांपुरता होता. दोन वर्षांनी त्यात ध्वनिमुद्रित पुस्तकांचा समावेश झाला. याच सुमारास ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेत रॉबर्ट अर्विन यांच्या देखरेखीखाली नव्या तबकडीचे प्रयोग चालले होते. अर्विन स्वतः अंध होते. तबकडी सावकाश फिरवावयाची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर ऐवजी तेहतीस पूर्णांक एक-तृतीयांश फेरे, आणि तिच्यावरील चर अधिक दाट कोरावयाचे, हे त्या प्रयोगाचे मर्म. त्यामुळे एका बाजूवर पंधरा मिनिटांच्या आसपास वाचन राहू लागले आणि कादंबरी पंधरा-वीस तबकड्यांत बसू लागली. १९३४ मध्ये पहिली बोलकी पुस्तके वाचनालयांतून टपालाने घरोघर गेली. पहिल्या यादीत बायबलचे भाग होते, शेक्सपिअर होता, देशाच्या घटनेसारखे गंभीर दस्तऐवज होते, आणि सुदैवाने वुडहाउसही होता. सामान्य बाजारात ही दीर्घ तबकडी रुजावयास १९४८ साल उजाडले. डोळसांच्या घरी ती येण्यापूर्वी चौदा वर्षे अंधांच्या घरी वाजत होती, ही गोष्ट संगीताच्या इतिहासांत क्वचितच सांगितली जाते.

या उपक्रमाला आरंभी विरोध कोणी केला असेल? हेलेन केलर यांनी. मंदीचा तो काळ होता. लक्षावधी माणसे बेकार असताना अशा यंत्रासाठी पैसा मागणे ही चैन होय, असे त्यांनी १९३३ साली कळविले. त्यांना स्वतःला ऐकूही येत नव्हते, म्हणजे बोलक्या पुस्तकाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता; त्यांचे जग बोटांच्या टोकांवर होते. परंतु दोन वर्षांतच त्यांनी आपले मत बदलले, आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे या कामासाठी शब्द टाकला. सरकारच्या रोजगार योजनेतून बेकारांच्या हातांनी ही यंत्रे तयार होऊ लागली. ज्या बेकारीकडे बोट दाखवून त्यांनी विरोध केला होता, तिच्यावरच तोडगा निघाला.

आता वाचणाऱ्याकडे वळू. त्या काळी आवाज थेट तबकडीवर कोरला जाई. मागाहून कापणे-जोडणे शक्य नव्हते. चौदाव्या मिनिटाला जीभ अडखळली, की ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. अशा परिस्थितीत वाचणारा सहजच संथ, सावध आणि समतोल होतो. पण केवळ यंत्राच्या धाकाने ही शैली आली असे मात्र नव्हे. आरंभी काही तबकड्यांत नाट्याचा आणि पार्श्वध्वनींचा प्रयोग करून पाहिला गेला, आणि त्यावर ऐकणाऱ्यांत उघड मतभेद झाले. काहींना तो आवडला. परंतु अनेकांची तक्रार अशी होती की, आम्ही पुस्तक मागितले होते, नाटक नव्हे. डोळस मनुष्य पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्या कानात कोणी कण्हत नाही की दार वाजवीत नाही. ते सारे तो स्वतःच्या मनात निर्माण करतो. ते निर्माण करण्याचा अधिकार आमच्यापासून का काढून घेता, असा त्या तक्रारीचा आशय होता. पुढे जे वळण पडले ते सरळ वाचनाचे. वाचणारे बहुधा रंगभूमीवरील आणि रेडिओवरील नट असत. पण या खोलीत शिरताना त्यांना नटपण बाहेर ठेवावे लागे. अलेक्झांडर स्कोर्बी हे त्यांतील सर्वांत नावाजलेले. त्यांनी अंधांसाठी चारशेंहून अधिक पुस्तके वाचली आणि १९४४ साली संपूर्ण बायबल मुद्रित केले. त्यांच्या वाचनात शब्द स्पष्ट ऐकू येतो, वाक्याचा तोल ऐकू येतो, आणि स्कोर्बी मात्र फारसे ऐकू येत नाहीत. यात रूक्षपणा नाही. रूक्ष वाचनात वाचणाऱ्याला अर्थ कळलेला नसतो. येथे तो पुरता कळलेला आहे आणि म्हणूनच तो ओरडून सांगावा लागत नाही.

इंग्लंडातही हेच घडले. इयान फ्रेझर या तरुण अधिकाऱ्याची दृष्टी १९१६ साली सोमच्या लढाईत, वयाच्या अठराव्या वर्षी गेली. पुढे तो अंध सैनिकांच्या सेंट डन्स्टन्स या संस्थेचा प्रमुख झाला. त्याच्या पाठपुराव्यातून १९३५ च्या नोव्हेंबरात तेथील पहिली बोलकी पुस्तके निघाली. इंग्रजांची तबकडी आणखी मंद, मिनिटाला चोवीस फेऱ्यांची. एका बाजूवर पंचवीस मिनिटांचे वाचन. पहिल्या पुस्तकांत कॉनरॅडची ‘टायफून’ होती आणि अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ होती. ही दुसरी निवड मला फार बोलकी वाटते. ज्यांनी ती कादंबरी वाचली नसेल त्यांचा रसभंग मी करणार नाही. एवढेच सांगतो की, तीत वाचणाऱ्याने कोणत्याही एका पात्राविषयी आवाजातून यत्किंचित जरी संशय सुचविला, तरी दोनशे पाने फुकट जातात. लेखिकेने जे दडविले ते वाचणाऱ्यालाही दडविता आले पाहिजे. रहस्यकथेत हे चटकन पटते. पण चांगल्या कादंबरीत, चरित्रात, इतकेच काय इतिहासातही लेखक काही गोष्टी मुद्दाम न बोलता ठेवतो. आवाजात आसू आणून त्या बोलून टाकणे हा लेखकाशी केलेला दगाच होय.

या पुस्तकांभोवती एक कुंपणही होते. लेखक-प्रकाशकांनी उदारपणे परवानगी दिली ती या अटीवर की, या तबकड्या अंधांखेरीज कोणास विकावयाच्या नाहीत आणि रेडिओवर वाजवावयाच्या नाहीत. त्यामुळे डोळसांच्या जगाला या कलेचा पत्ताच लागला नाही. डोळसांनी ती स्वतंत्रपणे शोधली, आणि दुसऱ्याच बाजूने.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये नुकत्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या बार्बरा आणि मॅरिअन या दोन तरुणींनी वेल्सचा कवी डिलन टॉमस याला गाठून त्याच्याच आवाजात त्याच्या कविता मुद्रित केल्या. तबकडीची दुसरी बाजू भरेना, तेव्हा त्याने नाताळच्या आठवणींचा आपला एक लेख सुचविला. त्या लेखाने तबकडीचे भाग्य उघडले. कंपनीला त्यांनी नाव दिले ‘कॅडमन’, इंग्रजीतील ज्ञात असलेल्या पहिल्या कवीचे. हा कवी निरक्षर गुराखी होता अशी कथा आहे. कॅडमनचा प्रवाह अंधांच्या वाचनालयाहून अगदी निराळा. येथे लोक पुस्तकासाठी येत नव्हते. आवाजासाठी येत होते. डिलन टॉमसचा गडगडाटी स्वर हीच तेथील मौज होती. कवी आपलीच कविता म्हणतो तेव्हा त्याला सर्व काही क्षम्य असते.

आजची ऑडिओबुके या दोन घराण्यांची वारस आहेत, आणि वादाचे मूळ येथेच आहे. एका घराण्यात वाचणारा पडद्याआड असतो, दुसऱ्यात तो मंचावर असतो. पुढील टप्पे भराभर सांगण्यासारखे आहेत : १९६३ साली कॅसेट आली; १९७५ साली कॅलिफोर्नियात ड्युवॉल हेक्ट या ऑलिंपिक विजेत्या नावाड्याने, मोटारीतील रोजच्या लांब प्रवासाला कंटाळून, संपूर्ण पुस्तकांच्या कॅसेटी टपालाने भाड्याने देण्याचा धंदा काढला; १९९५ मध्ये ‘ऑडिबल’ स्थापन झाली; आणि नंतर ते सारे खिशातील दूरध्वनीत येऊन बसले. मध्यंतरी दोन कॅसेटींत मावतील असे संक्षेप काढण्याची टूम निघाली होती. ती गेली हे उत्तम झाले.

आपल्याकडे ही दोन घराणी यंत्राच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. पोथी वाचणारा आणि कीर्तनकार हे दोन वेगळे पुरुष आहेत. कीर्तनकाराने हसवावे, रडवावे, आख्यान रंगवावे. लोक तेवढ्यासाठीच बसलेले असतात. पोथी वाचणाऱ्याने मात्र ओवी स्वच्छ म्हणून पुढे जावे, कारण पोथी त्याच्याहून मोठी आहे. ज्ञानेश्वरी ही नेवाशास सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी आपली परंपरा आहे. म्हणजे आपला हा ग्रंथ आधी ऐकला गेला, मग लिहिला गेला. तीत ज्ञानदेव श्रोत्यांकडे पुन्हा पुन्हा अवधान मागतात. हे अवधान देण्याचे काम ऐकणाऱ्याचे. वाचणाऱ्याने ते ओढून घ्यावयाचे नसते. कीर्तनाचे घराणे पुढे आकाशवाणीवर फळले. १९५५ साली पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडक्यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि ५६ गीतांनी घरोघर आठवड्याचा वार नेमून दिला. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केले. तो सारा वैभवाचा काळ. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, मोठ्याने वाचणे म्हणजे करून दाखविणेच, अशी मराठी माणसाची समजूत झाली. आपापल्या कथेचे ते धनी होते. त्यांची नक्कल दुसऱ्याच्या पुस्तकावर करू लागले की बिघडते.

अलीकडेच एक ग्रामीण कादंबरी ऐकावयास घेतली. वाचणाऱ्याने म्हाताऱ्याला घोगरा, बाईला किनरा आणि पाटलाला गुरगुरता आवाज दिला होता. तिसऱ्या प्रकरणात माझे लक्ष कथेवरून उडाले आणि हा आता कुत्र्याचा आवाज कसा काढतो इकडे लागले. काढला, आणि बरा काढला. कादंबरी तशीच राहिली.

याहून गंभीर गोष्ट उच्चारांची. देवनागरी आपल्याला फार विश्वासाने वागविते. ‘जग’ ही दोन अक्षरे छापलेली असतात. ती पृथ्वीविषयी आहेत की ‘तू जग’ अशा आज्ञेची, हे वाचणाऱ्याच्या टाळूने ठरवावयाचे असते. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील झ एकच लिहिला जातो, एकच उच्चारला जात नाही. मराठी घरात वाढलेल्याला हे शिकवावे लागत नाही. पण आमच्या बडोद्यात, इंदूर-ग्वाल्हेरीस, हैदराबादेस, बेळगावात आणि गोव्यात अशी किती घरे आहेत, जेथे नातवंडे मराठी बोलतात परंतु शाळेत दुसऱ्याच भाषांत शिकतात! गुजराती, कन्नड वा इंग्रजी लिपीत रमलेल्या मुलाला मराठी कादंबरीची दोनशे पाने डोळ्यांनी ओलांडणे जड जाते. ऐकून मात्र तो ती सहज ओलांडतो. अशा मुलापुरते ऐकणे हेच वाचन आहे, आणि वाचणाऱ्याचा उच्चार हाच त्याचा शब्दकोश. चुकीचा ‘जग’ त्याने दहा वेळा ऐकला की अकराव्या वेळी तोच त्याच्या तोंडून निघतो. म्हणून संगीतावर खर्च करण्याऐवजी उच्चार तपासणारा एक जाणता माणूस ठेवावा, असे मला फार वाटते. आणि तो जाणता पुणे-मुंबईचाच असला पाहिजे असेही नाही. गोव्याकडचा हेल, बेळगावकडची धाटणी कानावर आली म्हणून पुस्तक बाटत नाही.

आता तर यंत्रे स्वतःच वाचू लागली आहेत. छापील पान मोठ्याने वाचणारे कुर्झवाइलचे यंत्र १९७६ साली आले, आणि आज ती सोय प्रत्येक दूरध्वनीत आहे. एक गोष्ट मला आरंभी चमत्कारिक वाटली. कित्येक अंध वाचक यंत्राचा निर्विकार आवाजच पसंत करतात, आणि तोही दुप्पट वेगाने. मग उमगले की, हे १९३४ च्या त्या तक्रारीचेच उत्तर आहे. यंत्र भाष्य करीत नाही. यंत्राला ‘जग’ कळत नाही ही गोष्ट वेगळी. ती उणीव ऐकणारा आपली आपण भरून काढतो, कारण ती भरावयास त्याच्याजवळ मराठी आहे.

कायद्याचे कुंपणही आता पुष्कळ सैल झाले आहे. आपल्या २०१२ च्या कायद्याने अंध आणि वाचण्यास असमर्थ अशा लोकांसाठी पुस्तकांची सुलभ रूपे तयार करण्यास मोकळीक दिली, आणि पुढच्या वर्षीच्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत हा होता. त्याचा आधार घेऊन ठिकठिकाणी लोक हौसेने अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून देतात. मीही, दृष्टी आहे तोवर, एका विद्यार्थिनीसाठी इतिहासाची पुस्तके वाचून पाठवितो. ती बी. ए. ला आहे. पानिपतचे प्रकरण पाठविले त्या रात्री तिचा निरोप आला. ‘‘काका, वाचन छान झाले आहे. फक्त विश्वासराव पडल्यावर तुम्ही एक उसासा टाकला आहे, तो काढता येईल का? परीक्षेसाठी पुन्हा पुन्हा ऐकावे लागते.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या लावून घेतल्या आणि ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचले.